बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (जन्म : १८७५-७६, धारवाड, मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज होते. क्रीडाजगतात ते पी. बाळू या नावाने ओळखले जात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजात जन्मलेल्या बाळूंनी मुंबईच्या तिरंगी व चौरंगी सामन्यांत हिंदू संघाला अनेक विजय मिळवून दिले. मात्र त्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही देण्यात आले नाही.

बालपण व पुण्यातील दिवस

पालवणकर हे आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने बाळूंचे बालपण पुण्यात गेले. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर ते व धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल व गणपत हे बंधूही नावारूपास आले.

बाळूंना पहिले काम मिळाले ते पारशी क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे आणि प्रसंगी सरावासाठी गोलंदाजी करणे, याबद्दल त्यांना महिना ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये पगारावर गेले. तेथे नामवंत फलंदाज कॅप्टन ग्रेग हे इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर तासभर सराव करीत. या दीर्घ सरावातून बाळूंची दिशा, टप्पा आणि वेगातील फेरफार यांवर हुकमत आली. फलंदाजीची संधी मात्र तेथे त्यांना मिळत नसे. बॅट हाती घेणे हा युरोपियन सभासदांचाच अधिकार मानला जाई.

पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे तर बाळूंची गरज होती. बऱ्याच वादानंतर त्यांना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वांनी एकाच चेंडूला हात लावला, परंतु चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई व जेवणाचे ताटही वेगळे मांडले जाई.

स्पर्धेची रचना

बाळूंच्या कारकिर्दीचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळच्या स्पर्धेची रचना ध्यानात घ्यावी लागते. मुंबईत युरोपियन व पारशी यांच्यातील प्रेसिडेन्सी सामन्यांना १८९२ पासून नियमित रूप आले. १९०७ मध्ये हिंदू संघ सामील होऊन स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्याने चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये इतर धर्मीयांचा 'द रेस्ट' हा संघ आल्यावर ती पंचरंगी म्हणून ओळखली जाऊ लागली.

संघ प्रांतावरून किंवा गावावरून नव्हे, तर धर्म व वंशावरून ठरत. त्यांचा आधार म्हणजे जिमखाने. बॉम्बे जिमखाना केवळ युरोपियनांसाठी होता. पारशी, हिंदू व मुस्लिम यांचे स्वतंत्र जिमखाने समुद्रकिनाऱ्यालगत उभे राहिले. संघनिवड व कर्णधाराची नेमणूक जिमखान्यांकडे असे आणि तेथे प्रतिष्ठित, सधन सभासदांचा शब्द चाले. या रचनेमुळे बाळूंना हिंदू म्हणून संघात स्थान मिळाले; त्याच संघातील नेतृत्व मात्र जातीमुळे दूर राहिले.

मुंबईतील कारकीर्द

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या काळात, बाळू मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध होता, पण त्यांच्या गोलंदाजीपुढे तो टिकला नाही. बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघात बाळू व शिवराम दोघेही होते. संघाची एकूण कामगिरी सामान्य ठरली, पण बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी मिळवले. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचे ११ बळी होते. त्यांनी प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१ धावा अशी होती.

कर्णधारपदाचा प्रश्न

बाळू संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू असतानाही कर्णधारपद उच्चवर्णीयांकडेच जात राहिले. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान खरे तर बाळूंचा असल्याचे जाहीरपणे मान्य केले होते. १९२० च्या स्पर्धेत आरंभी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. त्याच्या निषेधार्थ विठ्ठल व शिवराम यांनी माघार घेतली. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावण्यात आले. या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले व तेवढ्या वेळापुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

सार्वजनिक जीवन

निवृत्तीनंतर बाळू दलितांच्या राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ तर बाळूंना ११,२२५ मते पडली.

मृत्यू व महत्त्व

बाळूंचे ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निधन झाले. धर्मावर आधारलेल्या पंचरंगी सामन्यांवर १९४० मध्ये महात्मा गांधींनी नापसंती व्यक्त केली होती. १९४६ मध्ये ते कायमचे बंद झाले. त्यांची जागा १९३४ मध्ये सुरू झालेल्या, प्रांतवार संघांच्या रणजी करंडक स्पर्धेने घेतली. देशभर कीर्ती मिळवणारे दलित समाजातील पहिल्या पिढीचे खेळाडू म्हणून बाळूंचे स्थान महत्त्वाचे आहे. अस्पृश्यतेचा प्रश्न क्रिकेटच्या मैदानावर उभा राहिला तो प्रामुख्याने त्यांच्या आणि त्यांच्या बंधूंच्या खेळामुळे.