कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि जमिनीचा प्रश्न

दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी 15 ऑक्टोबर 1902 रोजी भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म झाला. माती एकच, पाऊस एकच. तरीही गावात धान्याने भरलेल्या कणग्या आणि महारवाड्यात पिढ्यान् पिढ्यांची उपासमार, असे का व्हावे? कर्मवीर दादासाहेबांच्या जीवनकार्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

उत्तर महार वतनात दडलेले होते. 1874 च्या कायद्याने या जुन्या रूढीवर सरकारी शिक्कामोर्तब केले होते. हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि बलुते यांच्या बदल्यात सबंध कुटुंबाने सरकारची व गावाची रात्रंदिवस चाकरी करायची. वारस वाढत, तुकडा मात्र तेवढाच राही. गाव सोडावे तर वतन जाण्याचे भय, धरून बसावे तर दुसरा धंदा अशक्य. (या दारिद्र्याला आळस म्हणणारे सुशिक्षित आजही भेटतात.) बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन-सुधारणेचे विधेयक मांडले, ते मंजूर होऊ शकले नाही.

2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची नाशिकमधील धुरा दादासाहेबांनी वाहिली. तो लढा माणूस म्हणून समान हक्कासाठी होता. पण मंदिराचे दार उघडले तरी रिकामी कणगी भरणार नव्हती, हे खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या या कार्यकर्त्याने ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर 1948 चा कुळकायदा आला. कुळांना त्याने मालकी दिली. ज्याच्याकडे कूळ म्हणूनही जमीन नव्हती, तो शेतमजूर तसाच राहिला. 1958 च्या कायद्याने वतने रद्द झाली आणि बिनमोल चाकरी संपली, तरी भूमिहीनांचे हात रिकामेच होते. जपानमध्ये महायुद्धानंतर अवघ्या काही वर्षांत बहुसंख्य कुळे मालक झाली होती; आपल्याकडे पडीक जमिनीचा तुकडा मिळवण्यासाठीही तुरुंगात जावे लागले. 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला. स्त्रिया तान्ह्या मुलांसह गजाआड गेल्या. आपल्याच चळवळीतील काही शिकलेल्या मंडळींनी त्यांच्या धोतराची टिंगल केली, त्यांना कम्युनिस्टांचे सोबती ठरवले. हे लिहिताना संकोच वाटतो, पण इतिहास आहे तसाच सांगावा लागतो.

29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेबांचे निधन झाले. तोवर गायरानाचे कित्येक तुकडे आपली माणसे कसू लागली होती. सातबाऱ्यावर मात्र त्यांचे नाव लागलेले नव्हते.