शिखराचा धनी मुम्मुणी

उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यात छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. थोरल्याच्या काळात वालधुनीकाठी सुरू झालेले अंबरनाथचे शिवमंदिर धाकट्या मुम्मुणीने पूर्ण केले. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० ची नोंद आहे. माळव्यात बहरलेली भूमिज शैली येथे काळ्या दगडात उतरली. चार उभ्या पट्ट्यांमधून चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढतात. आजच्या मजल्यांपेक्षा अधिक डौलाने, असे म्हणायला हरकत नाही. मुम्मुणीनंतर भाऊबंदकीने राज्य खिळखिळे झाले, ते नागार्जुनपुत्र अनंतदेवाने सावरले. शिखराचा माथा मात्र उरला नाही. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की वर थेट आकाश दिसते.