कोकण मोजणारा इंजिनिअर : थॉमस बेस्ट जार्व्हिस

अंधेरी, जोगेश्वरी, घाटकोपर येथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची घरे मूळची कोकणातली. कुणाचे गाव दापोलीकडे, कुणाचे चिपळुणास, तर कुणाचे राजापूर तालुक्यात. मे महिन्याच्या सुटीत एस.टी.तून घाट उतरताना हा मुलूख पहिल्याप्रथम कुणी मोजला असेल, असा विचार तुमच्या मनात कधी आला आहे काय? दक्षिण कोकणची शास्त्रीय मोजणी ज्यांनी केली, त्या थॉमस बेस्ट जार्व्हिस यांची ही हकीकत.

जार्व्हिस यांचा जन्म २ ऑगस्ट १७९६ रोजी सिलोनातील जाफना येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी होते. थॉमस लष्करात शिरले आणि मुंबई इंजिनिअर्स या पथकाचे अधिकारी झाले. लष्करी इंजिनिअरचे काम म्हणजे रस्ते, पूल, किल्ल्यांचे तट, दारूगोळ्याची कोठारे. जन्मभर तेवढेच केले असते तर आज त्यांची आठवण काढण्याचे कारण उरले नसते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि कोकण कंपनीच्या हाती आले. मुलूख मिळाला, पण तो आहे केवढा, गावे किती, माणसे किती, हे नव्या सरकारला नेमके ठाऊक नव्हते. दक्षिण कोकणच्या मोजणीचे काम जार्व्हिस यांच्याकडे आले. १८१९ च्या सुमारास सुरू झालेले ते काम १८३० पर्यंत चालले.

या मोजणीची रीत शाळेतल्या भूमितीचीच आहे. आधी सपाट जागी एक रेषा साखळीने अगदी काळजीपूर्वक मोजायची. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरचा एखादा डोंगरमाथा थिओडोलाइट नावाच्या यंत्रातून पाहून कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. एका त्रिकोणावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे करीत सारा मुलूख जाळ्यात धरायचा. कागदावर हे सोपे वाटते. कोकणातल्या खाड्या, रान आणि चार महिन्यांचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अकरा वर्षे का लागली हे सांगावे लागणार नाही.

जार्व्हिस नुसत्या नकाशावर थांबले नाहीत. लोकसंख्या, शेतसारा, जमिनीचे हक्क, वजने-मापे यांची माहितीही त्यांनी गोळा केली. पायली, मण, खंडी ही नावे सगळीकडे तीच, पण माप मात्र पेठेगणिक वेगळे. त्यात गरीब शेतकरी नाडला जाई. हिंदुस्थानभर वजने, मापे आणि नाणी शास्त्रीय पायावर एकसारखी करावीत, असा आग्रह धरणारे पुस्तक त्यांनी १८३६ साली मुंबईत छापले. दशमान नाणी आपल्याकडे १९५७ साली आली. म्हणजे जार्व्हिस यांच्या पुस्तकानंतर तब्बल एकवीस आणि शंभर वर्षांनी!

त्यांचे थोरले बंधू जॉर्ज हेही मुंबई इंजिनिअर्सचेच. १८२३ साली मुंबईत निघालेल्या इंजिनिअरिंगच्या शाळेत त्यांनी मराठी आणि गुजराती भाषांतून शिक्षण दिले व जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने गणिताची मराठी पुस्तके तयार केली. पुढे १८४७ साली शिक्षण मंडळात इंग्रजी की मातृभाषा हा वाद पेटला. तेव्हा जॉर्ज यांच्या बाजूने जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मुहम्मद इब्राहिम मक्बा हे तिन्ही हिंदी सभासद उभे राहिले. मक्बासाहेब हिंदुस्थानी व्याकरणाचे ग्रंथकार. पालकांनो, मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे हा प्रश्न आपण आज घरोघरी करतो, तो एवढा जुना आहे.

आता थॉमस यांच्या आयुष्यातला कठीण भाग. हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट यांची प्रकृती ढासळली होती. ते गेल्यास त्यांच्या जागी जार्व्हिस यांनी यावे, असे कंपनीच्या संचालकांनी १८३७ साली ठरवले. १८३८ साली जार्व्हिस रॉयल सोसायटीचे फेलो झाले, न्यूकॅसलच्या विज्ञान परिषदेत हिंदुस्थानच्या मोजणीवर बोलले. सोसायटीच्या ३८ सभासदांनी मोजणीबाबत कंपनीला सूचना केल्या, त्याही जार्व्हिस यांच्या सांगण्यावरून. हे सारे खुर्चीवर बसलेल्या माणसाला न विचारता!

एव्हरेस्ट भडकले. सोसायटीच्या अध्यक्षांना उद्देशून त्यांनी लिहिलेली तिखट पत्रे १८३९ साली छापून प्रसिद्ध झाली. जार्व्हिस यांच्यावर अन्याय झाला असे तुम्हाला वाटेल. मला एव्हरेस्ट यांचा राग अगदीच गैर वाटत नाही. एव्हरेस्ट यांच्या कामातील काटेकोरपणा जार्व्हिस यांच्या कोकणच्या त्रिकोणांत नव्हता, आणि बड्या लोकांच्या शिफारशीने ती उणीव भरून निघत नाही. एव्हरेस्ट १८४३ पर्यंत जागेवरून हलले नाहीत. जार्व्हिस यांनी त्याआधीच, १८४१ साली, कंपनीची नोकरी सोडली. ती जागा अँड्र्यू वॉ यांना मिळाली. त्यांनीच पुढे जगातल्या सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव सुचवले.

पंचेचाळिशीत हाती काही न लागलेला हा मेजर इंग्लंडमध्ये शिळाछापावर पुस्तके व नकाशे काढण्यात गुंतला. मग १८५४ साली क्रिमियाचे युद्ध आले. जेथे फौज उतरवायची त्या भूमीचा धड नकाशा ब्रिटिश सरकारजवळ नव्हता. जार्व्हिस यांनी बेल्जियममध्ये रशियन लष्कराचा क्रिमियाचा नकाशा मिळवला. सरकारचे उत्तर असे की, तुमच्या खर्चाने छापा, आम्ही प्रती विकत घेऊ. त्यांनी पदरमोड करून तो छापला. सैन्याला त्याचा उपयोग झाला, तेव्हा कुठे साहेबांचे डोळे उघडले. फेब्रुवारी १८५५ मध्ये लंडनला टोपोग्राफिकल अँड स्टॅटिस्टिकल डेपो स्थापन झाला आणि त्याचे प्रमुखपद लेफ्टनंट कर्नल जार्व्हिस यांना मिळाले. परदेशांचे नकाशे व माहिती शास्त्रशुद्ध रीतीने जमवणारे ते कार्यालय पुढे ब्रिटिश लष्कराच्या गुप्तवार्ता खात्याचे मूळ ठरले. सर्व्हेअर जनरलची खुर्ची हुकलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःचे खाते उभारून बसला. त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. ३ एप्रिल १८५७ रोजी ते वारले.

त्यांचा कोकणावरील ग्रंथ १८४० साली कलकत्त्यास छापला गेला. पुढे रत्नागिरी आणि ठाणे जिल्ह्यांची गॅझेटिअर्स तयार झाली, तेव्हा त्यांच्या संपादकांनी जमिनीच्या जुन्या व्यवस्थेसाठी ठिकठिकाणी जार्व्हिस यांचाच आधार घेतला. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा होईपर्यंत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही गावे साष्टीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच होती. मोठ्या ग्रंथालयात गेलात तर १८८२ चे ते ठाण्याचे गॅझेटिअर मागून घ्या आणि तळटिपांत जार्व्हिस हे नाव किती वेळा येते ते मोजा.