अधिकारपद आणि विद्या

अभियंता वरिष्ठपदी चढला की त्याची विद्या फायलींखाली गाडली जाते, हा नित्याचा अनुभव आहे. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे चरित्र याला सन्माननीय अपवाद होय. १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून परीक्षा उत्तीर्ण होऊन ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात शिरले. खडकवासल्याच्या धरणास त्यांनी पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघडणारी व मिटणारी दारे योजिली. भिंत न वाढविता साठा वाढला. १९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ साली दिवाण झाले. राज्याचा कारभार हाती आला, तरी कृष्णराजसागराच्या कामावरील त्यांची अभियंत्याची नजर ढळली नाही. नव्वदी उलटल्यावरही गंगेवरील पुलाच्या जागेविषयी सरकारने त्यांचाच सल्ला घेतला. १९६२ साली ते निवर्तले.

आजच्या अधिकाऱ्यांनी यातून बोध घ्यावा, असे आम्हांस आग्रहाने सांगावेसे वाटते. हाताखालच्यांचे हिशेब ज्यास स्वतः तपासता येत नाहीत, त्याने नकाशावर केलेली सही निरर्थक होय. अशा सहीवर उभारलेला पूल खचला, तर त्याची किंमत मात्र जनतेस प्राणांनी मोजावी लागते.