रानकंदांत पिठूळ अन्न शोधणारे पार्मांतिए

आंतवान ऑगस्टिन पार्मांतिए हे नाव फ्रान्समध्ये बटाट्याशी कायमचे जोडले गेले आहे. पण बटाट्याकडे ते वळले ते रानटी वनस्पतींच्या अभ्यासातून, आणि हा भाग सहसा सांगितला जात नाही.

पार्मांतिए यांचा जन्म 1737 चा. व्यवसायाने औषधनिर्माते. सप्तवार्षिक युद्धात सैन्याबरोबर गेले असताना ते कैद झाले. कैदेत बटाटा खाऊन दिवस काढावे लागले, तरी प्रकृती ठणठणीत राहिली. फ्रान्समध्ये तेव्हा बटाटा म्हणजे डुकरांचे खाद्य.

पुढे पिके बुडाली, धान्य महागले. दुष्काळात नेहमीच्या धान्याऐवजी काय खाता येईल, यावर बेझाँसोंच्या अकादमीने 1771 मध्ये निबंधस्पर्धा जाहीर केली. ती पार्मांतिए यांनी जिंकली. धान्यातले खरे पोषण स्टार्चमध्ये आहे, तेव्हा तो जिथे मिळेल तिथून काढावा, असे त्यांचे म्हणणे. ओकची फळे, हॉर्स चेस्टनटच्या बिया, ब्रायनी आणि अ‍ॅरम यांची मुळे-कंद त्यांनी तपासले. यातले काही कडू, काही चक्क विषारी. ते किसायचे, पाण्यात कालवायचे, गाळायचे आणि निवू द्यायचे. स्टार्च पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो. कडवट, जहाल द्रव्ये बरीचशी वरच्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून पाणी पुन्हा पुन्हा बदलायचे. आपल्याकडे तवकीर याच रीतीने काढतात.

मात्र स्टार्च निघाला म्हणून वनस्पती पीक ठरत नाही. खणणे, किसणे, धुणे यांत किती श्रम जातात आणि हाती किती पीठ येते, हा हिशेब असतोच. रानटी कंद अडीनडीपुरते ठीक. बटाटा मात्र नुसता उकडला तरी खाता येतो आणि शेतात लावता येतो. पार्मांतिए यांनी 1773 मध्ये बटाट्याचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले, आणि दुष्काळी वनस्पतींवरचा विस्तृत ग्रंथ 1781 मध्ये.

एका बाबतीत त्यांचा अंदाज चुकला. गव्हातल्या ग्लुटेनला, म्हणजे प्रथिनाला, त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. धुऊन काढलेल्या स्टार्चमधून ऊर्जा मिळते, प्रथिने जवळजवळ नाहीत. नुसत्या त्यावर माणूस फार काळ धड राहू शकत नाही. हे कळायला पुढचे शतक उजाडावे लागले.

पार्मांतिए 1813 मध्ये वारले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीतल्या त्यांच्या कबरीवर लोक अजूनही बटाटे ठेवतात. हॉर्स चेस्टनट मात्र शहरातल्या रस्त्यांवर सावलीपुरताच राहिला.