अवंतिसुंदरीसाठी राजशेखराची भेट

फेब्रुवारी उजाडला, की जिवलगाला काय द्यावे, या प्रश्नाने अनेक जण बेचैन होतात. दुकाने भेटवस्तूंनी ओसंडून वाहतात; निवड मात्र अवघडच राहते. या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर अकराशे वर्षांपूर्वीच्या एका कवीच्या संसारात सापडते आणि त्याचा धागा थेट वऱ्हाडातील वाशीमपर्यंत येतो.

राजशेखर हा यायावर कुळातला. पणजोबा अकालजलद महाराष्ट्राचे चूडामणी म्हणून गौरविले गेले. वडील दुर्दुक महामंत्री होते, तर आईचे नाव शीलवती. कनोजच्या प्रतीहार दरबारात त्याने राजा महेंद्रपालाचे गुरुपद भूषविले. त्रिपुरीच्या कलचुरी दरबाराशीही त्याचा संबंध आला.

पत्नी अवंतिसुंदरी चाहमान कुळातील आणि स्वतः विदुषी. तिच्याच इच्छेवरून ‘कर्पूरमंजरी’ रंगभूमीवर आली. संस्कृतला मोठी प्रतिष्ठा असलेल्या काळात राजशेखराने हे सट्टक संपूर्ण प्राकृतात रचले आणि प्रस्तावनेत पत्नीचे नाव आवर्जून गुंफले.

तथापि, त्याची खरी मौल्यवान भेट ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात आहे. शब्द बदलता न येणे हीच काव्याची परिपक्वता, असे वामनाचे अनुयायी मानीत. ती तर कवीची असमर्थता, हे अवंतिसुंदरीचे मत राजशेखराने तिच्या नावानिशी नोंदविले. संस्कार आत्म्यावर होतात, तेथे स्त्री-पुरुष भेद नाही. म्हणून स्त्रियाही कवी होऊ शकतात, असेही त्याने निःसंकोचपणे सांगितले.

याच ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांची कथा येते. रुसून निघालेल्या काव्यपुरुषामागे ती देशोदेशी फिरते आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरीत त्यांचा गांधर्वविवाह होतो. ही नगरी कवीला मदनाचे क्रीडास्थान वाटली. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम! राजशेखराच्या पाच शतकांहून अधिक आधी याच नगरीच्या सर्वसेन या वाकाटक राजाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले होते. त्याचा विषय होता, सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून आणलेला पारिजात.

सत्यभामेला पारिजात हवा होता, अवंतिसुंदरीला नाट्यप्रयोग. आपल्या माणसाला नेमके काय हवे, हे ज्याला उमगले, त्याची निम्मी खरेदी घरीच झाली म्हणायची!