नळाच्या पाण्याचा माग काढणारा डॉक्टर

पाणी दिसायला नितळ आहे, त्याला वास नाही, चवही चांगली आहे. तेव्हा ते पिण्यास योग्य असणारच, असा समज आजही घरोघरी आढळतो. या समजाला एकोणिसाव्या शतकात जबरदस्त हादरा दिला तो लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी. राणी व्हिक्टोरियाला प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर म्हणून हयातीत त्यांची ख्याती होती. मात्र आज जग त्यांना ओळखते ते पिण्याच्या पाण्यातून कॉलरा पसरतो, हे घरोघरच्या आकड्यांनिशी दाखवून दिल्याबद्दल.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क येथे एका श्रमिक कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते थोरले. वयाच्या चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसल येथील एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागले. १८३१-३२ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलऱ्याची पहिली मोठी साथ आली, तेव्हा किलिंगवर्थच्या कोळसा खाणीतील रुग्णांवर उपचार करण्याची जबाबदारी या कोवळ्या उमेदवारावर पडली. खाणीत शौचाची सोय नव्हती आणि मजूर न धुतलेल्या हातांनीच भाकरतुकडा खात. ही बाब त्यांच्या मनात घर करून राहिली. त्याच सुमारास ते शाकाहारी झाले आणि मद्यापासून दूर राहिले. पिण्याचे पाणी शुद्ध करूनच घ्यावे, असा त्यांचा कटाक्ष असे.

१८३६ मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला आले. १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी त्यांनी मिळवली. ईथर आणि क्लोरोफॉर्म यांची मात्रा मोजूनमापून कशी द्यावी, याचा त्यांनी कसून अभ्यास केला. १८५३ मध्ये राजपुत्र लिओपोल्ड आणि १८५७ मध्ये राजकन्या बिएट्रिस यांच्या जन्मावेळी राणीला भूल देण्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले.

कॉलरा घाणीच्या दुर्गंधीतून, दूषित हवेतून पसरतो, असे त्या काळी बहुतेक वैद्य आणि अधिकारी मानत. स्नो यांना ते पटेना. विष हवेतून शरीरात शिरत असेल, तर आजाराची सुरुवात फुप्फुसांऐवजी आतड्यांतून का होते, हा त्यांचा साधा प्रश्न होता. रुग्णाच्या मलातील काही तरी पाण्यात मिसळते आणि ते पाणी पिणाऱ्याला आजार जडतो, असा सिद्धांत त्यांनी १८४९ मध्ये एका पुस्तिकेतून मांडला. त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

पुराव्याची संधी १८५४ च्या साथीने दिली. दक्षिण लंडनमध्ये दोन खासगी कंपन्या घरोघरी पाणी पुरवत. दोघींच्या नळवाहिन्या एकाच रस्त्यातून, शेजारी शेजारी जात. त्यामुळे एका घरात एका कंपनीचे पाणी, तर लगतच्या घरात दुसरीचे, अशी स्थिती होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही कंपनी शहराचे सांडपाणी मिसळलेल्या पट्ट्यातून, बॅटरसी येथे थेम्सचे पाणी उचलत असे. लॅम्बेथ कंपनीने मात्र १८५२ मध्येच आपले केंद्र नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटन येथे हलवले होते. सुमारे तीन लाख लोक, तीच वस्ती, तीच हवा; फरक केवळ पाण्याचा.

कॉलऱ्याने मृत्यू झालेल्या घरांत जाऊन पाणी कोणाचे, याची चौकशी स्नो यांनी सुरू केली. अनेकांना आपल्या कंपनीचे नावच ठाऊक नव्हते. त्यावर त्यांनी तोडगा काढला. बॅटरसीच्या पाण्यात मिठाचे प्रमाण थेम्स डिटनच्या पाण्याच्या जवळपास चाळीस पट होते. नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकले की पडणाऱ्या पांढऱ्या साक्यावरून कंपनी ओळखता येई. पहिल्या सात आठवड्यांचे निष्कर्ष धक्कादायक होते. साउथवर्क कंपनीच्या ग्राहकांत दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, तर लॅम्बेथच्या ग्राहकांत अवघे ३७!

ही पाहणी चालू असतानाच ऑगस्टअखेरीस सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवर साथीचा भडका उडाला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक बळी गेले. तेथील सार्वजनिक पंपाचे पाणी नितळ आणि चवदार म्हणून प्रसिद्ध होते. स्नो यांनी मृतांची यादी मिळवून घरे पालथी घातली. स्वतःची विहीर असलेल्या जवळच्या श्रमगृहातील (वर्कहाउस) ५३५ जणांपैकी केवळ पाच दगावले होते. मद्यनिर्मिती कारखान्यातील कामगार पंपाला शिवतच नसत. ते सारे बचावले. उलट दूर हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक वृद्धा याच पंपाचे पाणी आवडीने मागवून पीत असे. ती मात्र मरण पावली. स्नो यांनी हा पुरावा स्थानिक मंडळासमोर ठेवला आणि ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनीही प्रामाणिकपणे नमूद केले. पुढे परिसरातील धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांनी साथीतील पहिल्या रुग्णाचा, एका तान्ह्या बाळाचा, शोध लावला. त्या घराचा मैल्याचा खड्डा विहिरीलगतच होता आणि त्यातील घाण विहिरीत झिरपत होती.

एवढे होऊनही सरकारी चौकशी समितीने स्नो यांचे म्हणणे फेटाळले. जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्याखेरीज नुसत्या आकड्यांवर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते. १६ जून १८५८ रोजी पक्षाघाताने स्नो यांचे निधन झाले, तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या त्रोटक मृत्युवृत्तात कॉलऱ्याचा उल्लेखही नव्हता. २०१३ मध्ये, त्यांच्या जन्माच्या द्विशताब्दी वर्षात, लॅन्सेटने ही उणीव जाहीरपणे भरून काढली.

१८६६ मध्ये पूर्व लंडनमधील साथीचा माग पुन्हा एका पाणी कंपनीपर्यंत पोहोचला. तोवर दूषित हवेकडे झुकलेले आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांनाही स्नो यांचे म्हणणे मान्य करावे लागले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात कॉलऱ्याच्या जंतूचा छडा लावला आणि स्नो यांच्या सिद्धांतावर शिक्कामोर्तब झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी पाण्यात क्लोरीन मिसळण्याची पद्धत रूढ होऊ लागली.

आजच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जंतू अजिबात आढळता कामा नये. क्लोरीनने शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. यातील एकही गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाणी कोठून उचलले जाते, वाटेत त्यात काय मिसळते आणि त्याची तपासणी कोण करते, हे प्रश्न विचारण्याची सवय स्नो यांनी लावली. नळाला पाणी येते की नाही, याइतकेच हे प्रश्नही प्रत्येक नागरिकाने विचारायला हवेत.